एका भाकरीवर तीन सरकारं

४ फेब्रुवारी
चुकलं! सगळंच चुकलं. पुण्याच्या दुकानदाराला पाकिटावर अन्न नोंदणीचा नंबर हवा, नाहीतर मार्चपासून ऑर्डर बंद. ऑर्डर बंद म्हणजे बसव्वा मंद्रूपचं घर सोडून मुलाकडे भिवंडीला. भाकरी ती भाजते, विकणं माझ्याकडे. आणि मी शहाणी! 'सोलापूरची कडक भाकरी' म्हणून अर्जात सगळीकडे माझा सोलापूरचा पत्ता ठोकला. आज अन्न खात्यातल्या क्लार्कनं विचारलं, "मॅडम, भाकरी भाजता कुठं?" मंद्रूपला. "मग कागद मंद्रूपचे लागतील की!"

५ फेब्रुवारी
आज सगळं नीट समजून घेतलं. थक्क झाले! खाण्याचा कायदा दिल्लीचा. त्याखाली नोंदणी देणार राज्याचं अन्न खातं. जागेचा दाखला मंद्रूपच्या ग्रामपंचायतीचा. शहरात भाजल्या असत्या तर महापालिका! एका भाकरीवर तीन सरकारं. मला वाटायचं, सरकार म्हणजे वर बसलेलं एकच कुणीतरी. छे! कुठं दिल्ली, कुठं बसव्वाची परात — आणि तिचाही विचार कुणीतरी करून ठेवलाय. खरं तर चिडायला हवं होतं. ऊरच भरून आला. वेडी आहे मी.

११ फेब्रुवारी
ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला. उद्या अन्न खात्याच्या बाई जागा बघायला येणार. बसव्वाला फोन केला, स्वच्छ ठेव हं. "ते काय सांगायचं व्हय!"

१२ फेब्रुवारी
मोठं माणूस घरी यायचं, तर बसव्वा काय करणार? पहाटे उठून भुई शेणानं सारवली! कडेनं रांगोळी. अधिकारी बाई दारातच थांबल्या. चपला काढल्या. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, माझी आईपण असंच सारवते. पण ही भुई धुता येत नाही. भाजायच्या जागी फरशी लागेल."

"शेणापरीस चांगलं काय असतंय हो?" बसव्वानं विचारलं. बाई चपला घालत पुन्हा येते म्हणाल्या.

मी फरशी घालून देते म्हटलं, तर बसव्वा म्हणाली, "तुमी नका काळजी करू." परतताना एसटीत रडले.

२५ फेब्रुवारी
बाई पुन्हा येऊन बघून गेल्या, नोंदणी झाली! धावतच मंद्रूपला गेले. घरात फरशीची खोली एकच — देवांची. बसव्वानं तिथं तवा मांडलाय. देव बाहेर, सारवलेल्या भुईवर. मी देवांकडे बोट दाखवलं.

"त्यास्नी कुटं परवाना लागतोय?" म्हणाली, आणि पीठ मळायला बसली.