अण्णांच्या हाती दिलेला संघ

अण्णा, तुम्हाला बेसबॉल माहीत नव्हता. मलाही नव्हता. म्हणूनच मी तो निवडला. क्रिकेट असतं तर तुमची मतं आठवली असती, मस्कतला रुवीतल्या त्या खडीच्या मैदानावर शुक्रवारी तुम्ही कोणाला काय सुनावलं होतं ते आठवलं असतं. बेसबॉलबद्दल तुम्ही कधी काही बोलला नाहीत. तिथे फक्त तुमचा स्वभाव खेळेल असं मला वाटलं.

मी आता मस्कतातच बौशरला राहतो, तिथे आमच्या घरी कॉम्प्युटरवर हा खेळ आहे. मुलीने मैत्रिणीकडून आणला आणि आठवड्यात तिला त्याचा कंटाळा आला. यात आपण चेंडू मारायचा नसतो, पळायचंही नसतं. कोणाला खेळवायचं आणि कोणाला बसवायचं एवढंच ठरवायचं. समोरच्या संघाला माणूस नसेल तर कॉम्प्युटर मॅनेजर नेमता येतो. त्याचा स्वभाव आपणच ठरवून द्यायचा. पडद्यावर प्रश्न येतात आणि प्रत्येकापुढे एक ते दहा आकडे. मॅनेजरच्या नावाच्या जागी मी 'अण्णा' लिहिलं.

हे मी करमणुकीसाठी केलेलं नाही. मुलगी दहावी झाली. पुढच्या शिक्षणासाठी तिला पुण्याला मावशीकडे पाठवावं असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. इथले बरेच जण पाठवतात. या आठवड्यात कळवायचं आहे. मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही मला आत्याकडे चिपळूणला पाठवलंत. आठवीत होतो, वर्ष निम्मं झालं होतं. का, ते मला कळलं नाही. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही मस्कतहून शवपेटीत आलात, आणि विचारायचं राहिलं. म्हणून मला तुम्हाला पुन्हा एकदा निर्णय घेताना पाहायचं होतं.

चेंडू फेकणारा दमू लागला तर त्याला किती वेळ ठेवणार, असा एक प्रश्न होता. मला अझैबाचं तुमचं वर्कशॉप आठवलं. सकाळी सहाला तुम्ही फळ्यावर खडूने लिहिताय, कोणी कोणाबरोबर कुठल्या घरी एसी दुरुस्त करायला जायचं. तुमच्याकडे रत्नागिरीचे एक म्हातारे मेकॅनिक होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांचे गुडघे गेले होते. फळ्यावर त्यांच्या नावापुढे कायम तळमजल्याची कामं असायची, शिडी लागणारी कधीच नाही. चाचांनाही ते ठाऊक होतं. "अण्णा, अख्ख्या मस्कतात वरचा मजला उरलाच नाही का?" ते विचारायचे. "तुम्ही सगळे दुरुस्त करून ठेवलेत चाचा, आता खालचे बघा," असं तुम्ही फळ्याकडे बघत म्हणायचात. दोन वर्षं हे चाललं. मी नऊ आकडा दिला.

स्वतः बाद होऊन दुसऱ्याला एक पाऊल पुढे जाऊ देण्याचा डाव या खेळात आहे. तो किती वेळा खेळणार? गणपतीला तुम्ही सगळ्यांच्या रजा मंजूर करून स्वतः मागे राहायचात. आई होती तेव्हाही. ती चिडायची. तिथेही नऊ.

परवानगीशिवाय धावणाऱ्याला किती मोकळीक द्यायची, इथे मी अडलो. एकदा शाळा चुकवून मी एकटाच टॅक्सीने मत्रहच्या बंदरावर जहाजं बघायला गेलो होतो. परत आलो तेव्हा तुम्ही इमारतीच्या दारात उभे होतात, कामाच्या कपड्यांत. मारलं नाहीत. "पुढच्या वेळी सांगून जा," एवढंच म्हणालात आणि जिन्यात माझ्या पुढे चालू लागलात. प्रत्येक मजल्यावर थांबून मी मागे आहे का ते बघत होतात. चार की सहा, ते मला ठरवता येईना. शेवटी दोन दिला.

आता दर शुक्रवारी जेवणं झाली की मी तुमच्याशी खेळतो. तुमची पाळी आली की पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते: अण्णा विचार करत आहेत. दोन-तीन सेकंद राहते. तेवढ्यात मी माउसवरून हात काढून घेतो. पहिल्या दिवशी ती ओळ आली तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो होतो. अजूनही तसाच बसतो. बायको जाता-येता विचारते, "काय हो, सासरे आज जिंकले की हरले?" मी म्हणतो, चाललंय. मग तिचा आवाज बदलतो. "त्यांचं चालू दे. पुण्याला काय कळवू ते सांगा."

सुरुवातीला तुम्ही अगदी तुमच्यासारखे खेळलात. दमलेल्याला काढलं नाहीत. तुमचा एक चेंडू फेकणारा पार संपला होता, माझी माणसं त्याला झोडपत होती, तरी तो शेवटपर्यंत उभा होता. मला चाचा दिसत होते. पण गेल्या शुक्रवारी तुम्ही एक जवान खेळाडू बाहेर काढलात. तो चांगला फेकत होता, माझ्या कोणालाही त्याने पुढे जाऊ दिलं नव्हतं. पडद्यावर ती ओळ आली, नेहमीपेक्षा जास्त राहिली, आणि तो बाहेर. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला त्या सामन्यात परत येत नाही. मी आकडे पुन्हा तपासले. फेकणाऱ्यापुढे नऊच होता. सगळं मी दिलं होतं तसंच होतं.

"का?" मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो असणार, कारण मुलगी आतून आली.

"काय झालं, बाबा?"

"आजोबांनी ह्याला काढलं."

"आजोबांना बेसबॉल यायचा?"

"नाही."

"देन हाऊ?" ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. "ओके. तो वाईट खेळत होता?"

"नाही ना."

तिने खुर्ची ओढली, माउस घेतला आणि तुमच्या स्वभावाच्या प्रश्नांचं पान खालपर्यंत सरकवलं. मी तिथवर गेलोच नव्हतो असं म्हणणं खोटं ठरेल. गेलो होतो. "हे बघ, इथे एक बॉक्स आहे. प्लेअर चेंज करायच्या आधी त्याला आस्क करायचं की नाही. तू नो केलंय."

"ते विचारायचे नाहीत."

"कधीच?"

मी माउस तिच्या हातातून परत घेतला. ती उठून गेली.

मला चिपळूणला पाठवण्याआधीचा एक दिवस आठवला: रुवीच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही मोरीपाशी उभे आहात. पाठ माझ्याकडे. बाजारातून आणलेली सुरमई धुताय. तुकडे स्वच्छ झालेत, तरी एकच तुकडा तुम्ही पुन्हा पुन्हा पाण्याखाली धरताय. मी ओट्याला टेकून उभा आहे. तुम्ही म्हणता, "आत्याकडे राहशील का? मी दिवसभर बाहेर असतो. तू घरी आहेस की नाहीस, ते मला तिकडे कळत नाही. काम सुचत नाही." नळ चालू आहे. "नको असेल तर नको म्हण. मग मी दुसरं काहीतरी बघेन."

नको हा शब्द माझ्या तोंडात होता. पण तुम्ही मागे वळला नाहीत, आणि मला वाटलं, तुम्हाला हो ऐकायचं आहे. मी म्हणालो, "चालेल." तुम्ही नळ बंद केलात. "बरं," म्हणालात. त्या दिवशी सुरमईचा मधला तुकडा तुम्ही माझ्या ताटात वाढलात.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की वडिलांनी मला पाठवून दिलं. आत्याला, मित्रांना, लग्नाआधी बायकोला. सांगून सांगून ते मलाही खरं वाटायला लागलं. तुम्ही विचारलं होतंत, अण्णा.

विचारायचं की नाही, त्या चौकटीत मी अजून बदल केलेला नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं ते लिहितो. पुण्याबद्दल मी बायकोशी बोललो, आत्याच्या मुलाशी फोनवर बोललो, आकडे देऊन तुमच्याशी बोललो. मुलीला विचारलेलं नाही. ती माझ्याकडे बघेल, मला काय ऐकायचं आहे ते ओळखेल आणि चालेल म्हणेल, याची मला भीती वाटते.