घोळबेटाची फेरी

५ नोव्हेंबर १९९५, रविवार

आले एकदाची पनवेलला. मिरजेहून एसटीने अंग अगदी आंबून गेलं होतं, पण चोर्डेकरांच्या घराची पायरी चढले आणि शीण पळाला. नवीन पनवेलमधलं दुमजली घर, मागे शेवग्याचं झाड, आणि वरच्या मजल्यावर माझ्यासाठी नुकतीच रंगवलेली खोली. खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. झिल्पाकाकूंनी नारळाच्या दुधातली सुरमई आणि तांदळाची भाकरी वाढली आणि मी पोटभर जेवेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. हे बेने इस्रायली कुटुंब आहे. दाराच्या चौकटीवर छोटी नळी ठोकली आहे, तिला हात लावून मगच आत यायचं, एवढं सोडलं तर मला कुठे परकं वाटलं नाही.

नाथनकाकांनी मला का बोलावलं ते आज नीट कळलं. ते पंधराएक वर्षं सायप्रस बेटावर एका हॉटेलात कामाला होते. तिथले पाहुणे दिवसदिवस नुसते चालायचे म्हणे. समुद्राच्या कडेने पायवाटा, कडेला चुन्याने रंगवलेले दगड, जिथे देखावा चांगला तिथे बाक, मध्येच ऑलिव्हची झाडं आणि बकऱ्या. काकांनी फोटोंचा गठ्ठाच पुढ्यात टाकला. तिकडचं निळं पाणी बघून मी खुळावलेच. तशीच वाट त्यांना इथे खाडीतल्या घोळबेटावर करायची आहे. मुंबईची माणसं रविवारी येतील, बेटाभोवती चालतील, जेवून परत जातील. मी भूगोलवाली, म्हणून वाट आखणं, माहितीचे फलक लिहिणं आणि पुढे पाहुण्यांना फिरवणं हे माझं काम. मुलगी अयाला इस्रायलला आहे. काकूंना तिच्याकडे जायचंय, पण काका आधी हे स्वप्न पुरं करणार. मुलगा डॅनी माझ्याच वयाचा, हसरा. बापाच्या उत्साहाची थट्टा करतो आणि कामही मुकाट्याने करतो.

७ नोव्हेंबर

बेट बघितलं. फोटोतल्यासारखं निळं पाणी नाही, आपली राखी खाडीच, पण काय सुंदर जागा आहे! ओहोटीला खडकांची एक पट्टी उघडी पडते, तिच्यावरून चालत जायचं. चिखलात निवट्या मासोळ्या टुणटुण उड्या मारत होत्या. कडेने तिवरांचं रान, मध्ये टेकडी, आणि पश्चिमेला काळ्या कातळाचा कडा थेट पाण्यात उतरलेला. कड्यावर एकटं करंजाचं झाड. त्याच्या सावलीत बसलं की एका बाजूला प्रबळगड, दुसऱ्या बाजूला करंजा बंदराकडे निघालेल्या होड्या. बाक इथेच टाकायचा असं मी ठरवूनही टाकलं.

कातकरी वाडीवरच्या बायका दगड लावायच्या कामावर आहेत. त्यांची मुकादम चिंधी, पन्नाशीची, कमी बोलणारी. वाट उजवीकडूनही झाली आहे आणि डावीकडूनही. दोन्ही करंजापाशी येऊन थांबतात, मधे थोडीशी झुडपं तेवढी राहिली आहेत. ती कधी तोडणार म्हणून विचारलं तर ती म्हणाली, ते नाही तोडणार. काकांनी चहाच्या वेळी सांगितलं की यावरून महिनाभर घोळ चालला आहे. मी मुद्दाम जाऊन तिच्याजवळ बसले आणि कारण विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाय, जिकडून गेलीस तिकडूनच मागारी ये. पुरी फेरी नाय मारायची. फेरी पुरी झाली का बेट मानसाला सोडत नाय.”

शंकराला अर्धी प्रदक्षिणा घालतात तसं काही असावं. हेही फलकावर लिहिता येईल. पाहुण्यांना अशा गोष्टी आवडतात.

९ नोव्हेंबर

आज मी आणि डॅनीने कोयता घेऊन उरलेली झुडपं स्वतःच साफ केली. वेळ लागला नाही. मग ठरवलं की पहिली पुरी फेरी आपणच मारायची. उजवीकडून निघालो, तिवरांच्या कडेने, मग चढ, मग करंजाखालून वळसा घालून कड्याच्या पलीकडे उतरलो. इतकं मस्त चालणं मी कधी केलं नव्हतं. वारा होता. डॅनी सायप्रसमधल्या टूर गाइडची नक्कल करत होता आणि मी हसून हसून दमले.

पट्टीपाशी पोहोचलो तेव्हा बायका दगड भरत होत्या. आम्हाला उलट बाजूने येताना चिंधीने पाहिलं. ती ओरडली नाही, रागावलीही नाही. तिने पाटी खाली ठेवली. तिच्यामागोमाग सगळ्यांनी ठेवल्या आणि चहा उकळत असताना तशाच पट्टीवरून चालत्या झाल्या. जाताना चिंधीने एकदा माझ्या गालावरून हात फिरवला. आजारी माणसाला भेटून निघताना फिरवतात तसा. मला फार ओशाळं वाटलं, आणि थोडा रागही आला.

१२ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. फलकांचा मजकूर लिहायला बसले पण बसवत नाही. पायांना सारखी हुळहुळ. डॅनीचं तेच. जेवण झाल्यावर तो शतपावलीला म्हणून बाहेर पडला आणि घराभोवतीच फिरत राहिला. काकू गमतीने म्हणाल्या की घराला दोरा गुंडाळतोयस का. तो हसला, पण थांबला नाही. चहा पाजायला मी त्याच्याबरोबर चालत गेले, कप हातात धरून. मग माझ्या लक्षात आलं की मीही मजेत चालते आहे, आणि चहा केव्हाच निवला आहे.

नवीन मजूर मिळत नाहीत. काका म्हणतात बाहेरून आणू. पहिली सहल डिसेंबरच्या सुरुवातीला ठरली आहे.

१५ नोव्हेंबर

बाकाची जागा मोजायला डॅनीबरोबर बेटावर गेले. भर दुपार, लख्ख ऊन. तिवरांच्या वळणावर पुढे माणसं दिसली. पाठमोरी. एक पागोटेवाला म्हातारा, एक डोक्यावर मोळी घेतलेली बाई, आणखीही काही. मला वाटलं चिंधीची माणसं कामावर परतली. डॅनीने हाक मारली. कुणी वळलं नाही. आम्ही पाय उचलले तरी अंतर तेवढंच, आणि वळण आलं की ती पलीकडे. असं करत करत आम्ही कधी करंज ओलांडला ते समजलंच नाही. पट्टीपाशी आलो तेव्हा मी थांबले. डॅनी थांबला नाही. सरळ दुसऱ्या फेरीला लागला. मी धावत जाऊन त्याचा शर्ट धरला तर तो म्हणाला, “माधुरी, घट्ट धर. मला थांबता येत नाहीये.”

चेष्टा नव्हती ती. चेहरा पांढराफटक. मी त्याला पट्टीवर ओढलं तेव्हा दोघंही चिखलात पडलो. खडकांवरून घराकडे येताना तो लहान मुलासारखा रडत होता.

काकांना सांगितलं. ते म्हणाले ऊन लागलं असेल.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी काकूंनी मेणबत्त्या लावल्या तेव्हा डॅनीची खुर्ची रिकामी होती. दुपारीच कुणाला न सांगता गेला होता. काका आणि दोन कोळी जाऊन त्याला घेऊन आले, पट्टीजवळच गाठून धरला म्हणे. तळपायांची सालं निघाली होती, तरी त्याला दुखत नव्हतं. काकू पट्ट्या बांधत होत्या आणि त्यांच्या मांडीवर त्याचे पाय चालतच होते. डॉक्टर येऊन गेले. नसांमध्ये दोष दिसत नाही म्हणाले, झोपेची सुई दिली. झोपेतही पाय चालू आहेत.

काकूंनी त्यांच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नबीला, नवस बोलला. डॅनी बरा झाला की मलिदा करीन म्हणाल्या. मीही हात जोडले.

मी सारखी उठून फिरते आहे हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही अजून.

२० नोव्हेंबर

डॅनी गेला. पहाटे खिडकीतून निघून गेला असावा. पट्टी पाण्याखाली होती तरी गेला. सकाळी कोळ्यांना तो तिवरांच्या मुळांत अडकलेला सापडला.

काकूंनी त्याचे पाय पुसले. पाय तेवढे बराच वेळ पुसत होत्या.

२१ नोव्हेंबर

काल संध्याकाळीच दफन झालं. यांच्यात सात दिवस घरच्यांनी जमिनीवर बसून राहायचं असतं. काका आणि काकू आरसे झाकून सतरंजीवर बसले आहेत. लोक येतात, शेजारी बसतात. मला बसता येत नाही. स्वयंपाकघर, अंगण, पुन्हा स्वयंपाकघर. लोकांना वाटतं पोरगी कामाला वाघ आहे.

दुपारी खाडीवर गेले. फक्त लांबून बघायला. बेटाच्या चढावर ती माणसं चालत होती. सगळ्यात मागे एकजण, पायांना पांढऱ्या पट्ट्या.

काल त्याच्यावर मूठभर माती मी स्वतः टाकली आहे.

२३ नोव्हेंबर

चिंधीच्या वाडीवर गेले. कारवीच्या झोपडीसमोर ती मासे निवडत होती. तिने मला बस म्हटलं नाही. मी तिच्याभोवती फिरत बोलत राहिले. काय करायचं ते विचारलं. कोंबडं, नारळ, देवऋषी, काहीही. तिने मान हलवली. तिचा बाप बेटावर लाकडं आणायला गेला होता, त्याला शोधायला तिची आई गेली. माणूस पुढे चाललेला दिसतो, म्हणून मागचा जात राहतो. असंच सगळं आहे, म्हणाली.

मी रडायला लागले तेव्हा ती बोलली, “उपाय असता तर माजा बाप घरी नसता का आला, बाय?”

मग माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. पुढे नाही.

२५ नोव्हेंबर

मी काकांना सांगायला नको होतं. पण त्यांनी सरळ विचारलं, बेटावर काय दिसलं तुला. मी पट्ट्यांचं सांगितलं. ते सात दिवस पुरे व्हायच्या आधीच सतरंजीवरून उठले. काकूंनी त्यांचा सदरा धरला. ते फक्त एवढंच म्हणाले की पोरगा एकटा आहे तिथे.

परत आले नाहीत.

होडीवाले गेले, बेटाला होडीतूनच वळसा घालून आले. कुणी नाही म्हणाले.

आहेत. मी किनाऱ्यावरून पाहिलं. डॅनीच्या मागे थोड्या अंतरावर. हात पुढे केलेला.

२६ नोव्हेंबर

बूथवरून मिरजेला भावाला, अविनाशला, फोन लावला. रिसिव्हरची वायर पुरेल तेवढं फिरत बोलले. दादा, मला घेऊन जा, लगेच ये, एवढंच म्हटलं. कारण सांगितलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं. तो म्हणाला रजा टाकून निघतो. त्याचा आवाज ऐकून बरं वाटलं. मिरजेला गेले की सुटेन कदाचित. इतक्या लांब बेटाचा हात पोहोचेल कसा?

काकूंनी आज मला चालताना नीट पाहिलं. त्यांना कळलं. त्यांनी मला जवळ घेतलं. मी त्यांच्या मिठीतही चालत होते.

२७

काकूंनी मला खाटेला बांधलंय. मीच सांगितलं. हात मोकळे. डॅनीच्या शाळेचे पट्टे आणि माझी ओढणी —

खाट सरकते. पलंगपोस फाटला टाचांनी. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं.

काकू खाली बसून प्रार्थना म्हणतात. अयालाचा फोन आला होता शेजारी, ताबडतोब निघून ये म्हणते. काकू म्हणाल्या मुलीला सोडून कशी येऊ. मुलगी म्हणजे मी.

अवि उद्या पोहोचेल.

२८, की —

ऊन. मी चालते आहे हे आधी कळलं, मग कुठे ते. पायाखाली आमचेच दगड. चुना लावलेले.

पट्टे कसे सुटले आठवत नाही. काकूंना लागलं तर नाही ना माझ्या हातून —

किती फेऱ्या, नाही माहीत. पुढे काका. हाक मारते, वळत नाहीत. पाठ मात्र ओळखीची. जरा वेगात गेले तर गाठेन असं दर वेळी वाटतं. दर वेळी.

करंजापाशी खोडाला मिठी मारली आणि घोटा ओढणीने बांधला. म्हणून खिशातल्या वहीत लिहिता येतंय. दुसरा पाय माती उकरतोय.

समोर किती सुंदर दिसतं. प्रबळ, पाणी, होड्या.

नंतर

अवि आला आहे.

पट्टीच्या बाजूने हाक आली. “माधुरी!” काकूंनी सांगितलं असणार त्याला. दुसरं काय करतील. उजवीकडून येतोय. आवाज तिवरांतून, आता चढावर.

ओ द्यायची नाही. ओ दिली तर तो इथवर येईल, मला सोडवेल, आणि मी उतरेन तिकडे, तो माझ्यामागे — फेरी पुरी. काही मिळालं नाही तर थकेल. मागे फिरेल. आल्या वाटेने. देवा, आल्या वाटेने.

कमीजच्या टोकाचा बोळा तोंडात.

जवळ आला. रडतोय. लहानपणी मी विहिरीकडे गेले होते तेव्हाही असाच — नको आठवायला.

थांबलाय. हाक नाही. फिरला बहुतेक. पावलं लांब जाताहेत. फिर, दादा, फिर —

कड्याच्या पलीकडून कुणीतरी ओ दिली.

माझ्या आवाजात. दादा, इकडे, म्हणाली.

तो धावत येतोय. माझ्याजवळून — दिसत नाही का त्याला मी, हात लांबवला, सदरा हाताला —

अवि ती मी नाही, अवि मी इथे

ओढणी सुट