ठकूचा उपास

नारपोली, भिवंडी
९ नोव्हेंबर १९८६

ती. दादास,
नीलाचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर मीच वाचून दाखवलं. मलावीचं पत्र नीलानेच वाचावं असा पाळकसाहेबांचा हुकूम आहे, त्यामुळे माझा भाव हल्ली चांगलाच वधारलाय. तुझ्या शाळेतली ती थोको झाडावरून पडली, पाय मोडला, तरी आपली लंगडी कोंबडी बरोबर घेतल्याशिवाय दवाखान्याच्या गाडीत चढेना, हे ऐकून अख्खी मंडळी हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली. आईच्या तोंडात थोको काही बसत नाही. ती ठकू म्हणते. आता सगळ्या बायकांची ती ठकूच झालीय.

ठकूच्या पायासाठी आईने शुक्रवारचा उपास धरलाय. तिची साखर बघता मी रागावले, पण ऐकेल ती आपली आई कसली! स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ तुझ्या मिशनसेवेसाठी ठेवलेल्या डब्यात पडतात ते वेगळेच. शेवंताकाकूंकडे वीज नाही म्हणून लूम बंद, काकांच्या शिफ्ट बुडतायत, चूल एकवेळच पेटते. पण त्यांची मूठ चुकत नाही. रविवारी ते तांदूळ आपल्यातच विकून पैसे तुला पाठवतो, हे तिथल्या लोकांना सांग हं.

महिला मंडळाने शिवलेले फ्रॉक पोचले का? पिवळा ठकूचा, आईच्या हातचा. तिचा फोटो पाठव, आणि तुझाही. तू वाळलास की काय याची आईला काळजी. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी,
नीला

मलावी
४ जानेवारी १९८७

चि. नीलीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

फ्रॉक पोचले. शाळेत दिवाळी आणि नाताळ एकदम आल्यासारखं झालं. थोकोने पिवळा फ्रॉक अंगातून काढायलाच नकार दिला, त्यातच झोपली. पाय मात्र वाकडा जुळलाय, डॉक्टर पुन्हा मोडून बसवावा लागेल म्हणतात. सर्वांना प्रार्थना करायला सांग. आईला म्हणावं, तुझ्या मुठीवर इथली शाळा उभी आहे.

कॅमेरा बिघडलाय, फोटोचं पुढे बघू. तू शाळेत मास्तरीण झालीस तरी अक्षर कोंबडीच्या पायांचंच राहिलं, हे बघून बरं वाटलं. मंडळीचा लोभ असाच राहो.

तुझा,
दादा

नारपोली
१ मार्च १९८७

ती. दादास,
स. सलाम वि. वि.

मागच्या रविवारी खारबावहून चिंधूमामा आला होता. उपासनेला माझ्याशेजारीच बसला. तुझं पत्र संपल्यावर शेवंताकाकूंनी त्याला ठकूची पहिल्यापासूनची गोष्ट सांगितली, तर मामा हसत सुटला. म्हणाला, ही तर आपली नीला हाय, आमच्या जांभळीवरून पडली तवा कोंबडी घेतल्याबिगर बैलगाडीत बसंना, लंगडीच व्हती ती कोंबडी. पाय पुन्हा मोडून बसवला तेही त्याने सांगितलं, आणि मी तेव्हा पिवळा परकर कुणाला काढू देत नव्हते तेही.

मी चार वर्षांची होते, मला यातलं काही आठवत नाही. आई तेव्हा इथे आजारी होती, आपण दोघं मामाकडे; तिच्या कानावर फक्त पाय मोडल्याचं आलं, कोंबडीचं नाही. तुला आठवत असणार, तू गाडीत होतास. मी मामाला गप्प केलं. म्हातारपणी गोष्टींची सरमिसळ होते असं काकूंना सांगितलं. घरी येऊन पायावरचा व्रण बघत बसले.

दादा, मामाच चुकला असं लिही. मी लगेच विश्वास ठेवीन. थोको आहे ना?

नीला

ब्लांटायर, मलावी
१२ एप्रिल १९८७

चि. नीलीस,
आशीर्वाद.

थोको नाही. शाळा पहिल्याच वर्षी बंद पडली. माझं तिथल्या लोकांशी जमलं नाही, मी भांडून निघालो. इथे एका लाकडाच्या वखारीत कारकून आहे. परत यायचं ठरवलं तेव्हाच आईचं पत्र आलं, की मंडळी तुझ्या बातमीची वाट बघते, तू आम्ही परदेशी सेवेला पाठवलेली पहिली मूठ आहेस. एकच पत्र लिहायचं ठरवलं होतं. मुलीची गोष्ट लिहायची तर मला एकच मुलगी नीट माहीत होती.

तुमचं आलेलं मी खाल्लं हे खरं आहे. फ्रॉक पेटीत आहेत. मंडळीला काय सांगायचं ते सांग, पण आईला सांगू नकोस. ती मोडून जाईल.

दादा

नारपोली
३ मे १९८७

दादा,

आईलाच आधी सांगितलं. तू तिला फसवलंस, आता मीही फसवायचं असं माझ्याकडून होणार नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तू जेवतोस कुठे एवढं विचारलं. संध्याकाळी तिचा हात सवयीने तांदळात गेला, मूठ भरली आणि डब्यावर थांबली. मग ती मूठ तिने आपल्याच पातेल्यात टाकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडे भात उरला.

रविवारी तुझं पत्र मीच वाचलं, नेहमीसारखं उभं राहून. मला फार लाज वाटली आणि तुझा फार राग आला. शेवंताकाकू शेवटच्या गीताआधीच उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तर काका म्हणाले, ती निजलीय. आत भांडी वाजत होती.

तू चोरी केली असतीस तर आम्ही म्हटलं असतं, माणूस आहे, घसरला. पण तू माझा मोडका पाय विकलास. मी कट्ट्यावर उभी राहून माझंच दुखणं लोकांना वाचून दाखवत होते, आणि माझ्याचसाठी आई शुक्रवारी उपाशी राहत होती. आईने नाव मात्र बरोबर ठेवलं होतं.

पिवळा फ्रॉक पेटीत ठेवू नकोस. तिथल्या कुठल्यातरी खऱ्या मुलीला दे, आणि तिच्याबद्दल आम्हाला काही लिहू नकोस. आई तू परत यावंस म्हणते. शुक्रवारचा उपास तिने अजून सोडलेला नाही. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. लोभ असावा असं लिहायला माझा हात धजत नाही. आईचा आहे, तेवढ्यावर भागव.

तुझी,
ठकू