एक पाकळी ओढून बघ

दि. ३ जुलै

चि. खारुताईस, अ. उ. आ.

डोंगरमाथ्यावरच्या तुझ्या वेधशाळेत स्टोव्ह नीट पेटतो ना? तुझ्या पत्रांना वाऱ्याचा वास येतो.

एक काम आहे. खिंडीवरच्या खडकांत एक झुडूप असतं, शेवाळाच्या उशीसारखं, जमिनीला चिकटलेलं, पाच पाकळ्यांच्या गुलाबी फुलांचं. तिथेच तुझ्या काकांची नि माझी पहिली भेट झाली आणि पहिलं भांडणही. भांडण फुलाच्या जातीवरून: मी म्हटलं सायलीन, ते म्हणाले फ्लॉक्स.

आता त्यांना माझं नाव आठवत नाही, पण हे भांडण आठवतं. रोज दुपारी तेवढा वेळ ते माझे असतात. डॉक्टर म्हणतात, हेही जाईल. त्याआधी खरं काय ते कळू दे. एक पाकळी ओढून बघ. एकटी निघाली तर सायलीन, अख्खं फूल नळीसकट हातात आलं तर फ्लॉक्स. एकच फूल हं, हावरटपणा नको.

आशीर्वाद आहेतच, उत्तराचा कंटाळा नसावा.

तुझी मावशी

दि. १४ जुलै

ती. मावशीस, सा. न.

वारा मोजायचं यंत्र दुरुस्त करायला वर गेले होते. ढग इतके खाली, की पायाखालचा डोंगरच हरवला. धुकं विरलं तशी ती गुलाबी उशी दिसली. पोटावर आडवी होऊन बघत राहिले नि चक्क डोळा लागला. जाग आली तेव्हा फूल नाकाशी होतं आणि मी कोण, कुठली, क्षणभर आठवेना. भीती मात्र वाटली नाही. काकांनाही वाटत नसेल.

पाकळी एकटीच निघाली. तू जिंकलीस. पण त्यांना सांगू नकोस गं. भांडण मिटलं तर उरेल काय?

रागावलीस तरी चालेल, लिहीत मात्र राहा.

तुझी खारुताई

दि. २२ जुलै

चि. खारुताईस, अ. उ. आ.

जिंकायला आयुष्यभर टपून बसले होते, आणि आता जीभ रेटेना. शेवटी खोटंच बोलले. म्हटलं, भाचीने पाहिलं, फ्लॉक्सच आहे, हरले मी.

 ते म्हणाले, "काहीतरीच. ती सायलीनच. मला तेव्हाच माहीत होतं. पण हो म्हटलं असतं, तर तू मैत्रिणींबरोबर खाली निघून गेली असतीस."

मी खूप रडले. संध्याकाळी त्यांनी विचारलं, तुम्ही कोण. म्हटलं, ती सायलीन म्हणणारी. ते लगेच म्हणाले, फ्लॉक्स.

आम्हा दोघांचाही लोभ तुझ्यावर आहे, तो असाच वाढू दे.

तुझी मावशी