जुना कॅमेरा धाकटीला

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकसष्ट, व्यवसाय फोटोग्राफी, हा लेख माझ्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत, दिवसाउजेडी, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरीणबाईंनी तपासून लिहून दिले आहे. बायकोचे मत विचारलेले नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून भुलवलेले नाही. याआधी एक मृत्युपत्र लिहिले होते, ते सही होण्यापूर्वीच फाडले. का फाडले, ते कलम सहामध्ये येईल.

कलम १. स्टुडिओ आणि त्यावरच्या दोन खोल्या माझ्या कमाईच्या आहेत. माझ्यामागे त्या पत्नीच्या, तिच्यामागे आमच्या एकुलत्या एका मुलाच्या. आईच्या हयातीत त्याने जागा विकण्याचा विषय काढू नये. तो विमा कंपनीत आहे, जोखीम म्हणजे काय हे मी त्याला समजावायला नको.

कलम २. बँकेत जे आहे ते पत्नीचे. किती आहे हे माझ्यापेक्षा तिलाच नीट माहीत आहे.

कलम ३. दिवे, त्यांच्या छत्र्या, स्टुले आणि तळ्याचे चित्र रंगवलेला पडदा. या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्या पडद्यापुढे हनुवटीला बोट लावून फोटो काढून घेतले आहेत. कोणी हौसेने मागितला तर द्यावा, नाहीतर भिंतींना रंग देताना खाली अंथरावा.

समोरच्या स्टुडिओवाल्याने, ज्याला मी फ्लॅशवाला म्हणतो कारण तो भर उन्हातही फ्लॅश मारतो, अकरा वर्षांपूर्वी माझा ट्रायपॉड दोन दिवसांसाठी नेला. तो आता त्याच्याकडेच राहू द्यावा. त्याचा एक पाय ढिला आहे. नेला तेव्हाही ढिलाच होता, मी सांगितले नव्हते.

कलम ४. माझे डिजिटल कॅमेरे दोन. दोन्ही एकाच कंपनीचे, दोन्ही आपापल्या काळी वरच्या दर्जाचे, मध्ये दहा वर्षांचे अंतर. कोणाला कोणता द्यावा हे ठरवण्यासाठी मी ते टेबलावर शेजारीशेजारी ठेवून तीन दिवस तुलना केली. जुना बारा मेगापिक्सेलचा, नवा पंचेचाळीसचा. नव्याने काढलेला चेहरा इतका मोठा करता येतो की भुवईचे केस मोजावेत. पण गिऱ्हाइकाला भुवया मोजायच्या नसतात, आपण बरे दिसलो की नाही एवढेच बघायचे असते, आणि ते काम जुना आजही निमूटपणे करतो. कमी उजेडात नव्याला दिसते, जुना चाचपडतो. नवा समोरच्याचा डोळा शोधून स्वतःच फोकस धरतो. जुन्यात ठिपका आपल्याला डोळ्यावर नेऊन ठेवावा लागतो. जुन्याचे शटर खाडकन वाजते, त्यामुळे रडणारी मुले क्षणभर गप्प होतात. त्याच्या पकडीचे रबर झिजून सुटले होते, ते मी दोनदा चिकटवले आहे. चिरंजीवांच्या मते जुना म्हणजे भंगार आणि मोबाइल दोघांनाही भारी. त्यांनी आपले मत विम्यापुरते ठेवावे.

दोन फरक मात्र लक्षात ठेवावेत. जुन्यात कार्डासाठी एकच खाच आहे; नव्यात दोन, म्हणजे प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतो. दुसरा फरक कार्ड कोरे करण्याच्या बटणांचा. जुन्यात एक बटण डाव्या अंगठ्याखाली, दुसरे उजव्या तर्जनीखाली. दोन्ही एकदम दोन सेकंद दाबायची, अक्षरे लुकलुकली की पुन्हा दाबायची, की कार्डावर होते नव्हते ते सगळे गेले. नव्यात उजवीकडचे बटण तिथून हलवले आहे.

कलम ५. हे कलम माझ्या धाकट्या बहिणीचे आहे. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. आईबाबा लवकर गेले, ती माझ्याच घरात वाढली आणि स्टुडिओत माझ्या बरोबरीने उभी राहिली. तिचा हात माझ्याहून चांगला होता. हे मी तिला कधी सांगितले नाही, इथे लेखी देतो.

पंधरा वर्षांपूर्वी शेजारच्या घड्याळजींच्या लग्नाला तीस वर्षे झाली. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. त्यांनी रविवारी घरी माणसे बोलावली. मी तापाने पडलो होतो, म्हणून जुना कॅमेरा, जो तेव्हा नवाकोरा होता, घेऊन धाकटी गेली. तिने दोनशे फोटो काढले. परत येऊन कार्ड संगणकाशेजारी ठेवले आणि मला बजावले, की दादा, आधी हे उतरवून घे. सोमवारी पासपोर्टच्या फोटोंसाठी रांग लागली. हाताला आले ते कार्ड मी कॅमेऱ्यात घातले. कोरे दिसले, म्हणून वापरले. आठवडाभर वापरत राहिलो.

त्याच आठवड्यात घड्याळजींची पत्नी गेली. सकाळी चहा करताना खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. दहाव्या दिवशी घड्याळजी फोटो मागायला आले तेव्हा कार्डावर अनोळखी माणसांचे पासपोर्टचे चेहरे होते. नाही नाही ते सॉफ्टवेअर लावून मी एक फोटो परत मिळवला, तोही अर्धा: बाईंचे केस, कपाळ, भुवया, आणि त्याखाली नुसता राखाडी पट्टा. घड्याळजींनी तो तसाच फ्रेम करून दुकानात लावला. अजून तिथेच आहे.

कार्ड मी घातले तेव्हा ते कोरे होते, हे मी स्वतः पाहिले होते. म्हणून काउंटरवर, घड्याळजींच्या देखत, मी म्हणालो, "हिने कार्ड पुसलं."

"मी नाही पुसलं, दादा," ती म्हणाली.

"मग काय मी पुसलं?"

घड्याळजी मान खाली घालून निघून गेले. दोन महिन्यांत धाकटीने स्टुडिओ सोडला आणि इस्पितळात एक्स-रेचे काम शिकली. ती आजही फोटोच काढते, फक्त माणसांच्या आतले. आमचे जाणे-येणे चालू राहिले, पण त्या दिवसापासून तिने कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. रस्त्यात कोणी मोबाइल पुढे करून आमचा एक फोटो काढता का म्हटले, तरी ती दोन्ही हात मागे नेते आणि दुसऱ्या कोणाला तरी सांगा म्हणते. हे मी पंधरा वर्षे पाहिले आणि मनात म्हणालो, चूक केली की माणूस असाच कचरतो.

कलम ६. गेल्या महिन्यात कॅमेऱ्यांची तुलना करताना मी पत्नीला खिडकीशी स्टुलावर बसवले. ती पूर्वी स्टुडिओत बसत नसे, मुलगा कामाला लागल्यावर बसू लागली. नव्याने तिचे बारा फोटो काढले, मग जुन्याने बारा. जुन्याचे कार्ड संगणकात घालायला काढले, पण संगणक कुरकुरत होता, म्हणून परत कॅमेऱ्यात घातले. पाहतो तर कोरे. मी म्हणालो, कार्ड खराब झाले.

"कार्डाला काय झालंय? तुम्हीच दाबलंत," पत्नी म्हणाली.

"मी काही दाबलं नाही."

"कार्ड घातलं की तुमची बोटं दोन्हीकडून दाबतातच. नेहमीचं आहे. मघाशी नव्यावरही दाबलंत, त्याला काही झालं नाही एवढंच."

मी कार्ड काढून पुन्हा घातले, आणि या वेळी हाताकडे पाहिले. डावा अंगठा, उजवी तर्जनी. मला न विचारता. गिऱ्हाइकांच्या गर्दीत प्रत्येक वेळी कोरे कार्ड हवे, म्हणून लावलेली सवय. एरवी फोटो उतरवूनच कार्ड घालत होतो, आणि नव्यात त्या जागी ते बटण नाही, म्हणून इतकी वर्षे निभावले. त्या सोमवारी ते कार्ड मला कोरे दिसले, कारण क्षणापूर्वी मीच ते कोरे केले होते. माझ्या चुकीचे खापर मी माझ्या हाताखाली वाढलेल्या पोरीच्या डोक्यावर फोडले, तेही चारचौघांत.

हे सगळे लिहून मी पाकीट बंद केले आणि वर लिहिले, माझ्यामागे उघडावे. पत्नीने ते पाहिले.

"म्हणजे तुम्ही मेल्यावर माफी मागणार?" ती म्हणाली. "मग तिने भांडायचं कोणाशी?"

ते मृत्युपत्र मी फाडले आणि धाकटीला फोन केला.

कलम ७. आज सकाळी ती आली. वरची पाने मी तिच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. ती चिडेल अशी माझी तयारी होती. पाने टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मला वाटायचं, मीच पुसलं असेल," ती म्हणाली. "तू इतक्या खात्रीने बोललास, की माझंच मला आठवेनासं झालं. अजून मी एकेक एक्स-रे तीन-तीनदा तपासते, दादा."

मला लाज वाटली आणि मी रडलो, हे येथे नमूद करतो.

नवा कॅमेरा तिला द्यायचे मी ठरवले होते. दोन खाचा आहेत, पुन्हा कोणी तिच्यावर बोट ठेवायला नको. तिने तो नाकारला. तिचे शेवटचे काम जुन्यात झाले आहे, तिला तोच हवा. म्हणून: जुना कॅमेरा, त्याच्या दोन्ही भिंगांसह, धाकट्या बहिणीस, माझ्यामागे नव्हे तर आजपासून. नवा चिरंजीवांस. त्यांनी तो विकू नये; आधी एकदा आईचा फोटो काढून पाहावा.

कलम ८. या लेखाने धाकटीला काही मिळते, म्हणून ती साक्षीदार होऊ शकत नाही. साक्षीदार म्हणून मी डॉक्टरीणबाईंना आणि घड्याळजींना बोलावले. घड्याळजींनी सहीपूर्वी कलम पाच आणि सहा वाचावे ही माझी अट. त्यांनी ते डोळ्याला भिंग लावून, घड्याळाचे यंत्र तपासावे तसे सावकाश वाचले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. ते धाकटीकडे वळले.

"त्या दिवशी तू तिला दोनशे वेळा पाहिलंस," ते म्हणाले. "तो अर्धा फोटो आहे ना माझ्याकडे, त्यात खाली काय होतं?"

धाकटीला आठवायला वेळ लागला नाही. "काकू हसत होत्या. तुमच्या कॉलरला एक दोरा लोंबत होता, तो ओढत होत्या. तुम्ही म्हणत होता, राहू दे गं, फोटो काढतेय ती."

घड्याळजी म्हणाले, "हो. निळा दोरा होता." मग त्यांनी डोळ्याचे भिंग काढून पुसले आणि ते पुसतच राहिले. पंधरा वर्षांत हे तिला कोणीच विचारले नव्हते. मीही नाही.

मग धाकटीने टेबलावरचा जुना कॅमेरा उचलला, कार्ड घातले, घड्याळजींना खिडकीशी बसवले आणि त्यांचे फोटो काढले. आधी एक, मग बरेच. शटर वाजत राहिले. काढून झाल्यावर तिने कार्ड बाहेर घेतले. मी सवयीने हात पुढे केला.

"दादा, हात मागे घे," ती म्हणाली, आणि कार्ड स्वतःच्या पर्समध्ये टाकले.

मी हात मागे घेतला. त्याच हाताने खाली सही करीत आहे.

ठिकाण: स्टुडिओची मागची खोली
दिनांक: १९ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारचे बारा

लिहून देणार: फोटोग्राफर (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. घड्याळजी, शेजारचे दुकान (सही)