डावीकडचा फटका

४ जून

पुन्हा तिचंच कौतुक!

आईने शेजारच्या काकूंना सोफ्यावर बसवून धाकटीचा व्हिडिओ दाखवला. मोबाईलचा आवाज पूर्ण. "बघा, ही नवे गेम खेळते आणि सांगते चांगला की वाईट. ही म्हणाली चांगला, की खपला. ही म्हणाली वाईट, की संपलं!" काकूंनी विचारलं, "आणि मोठी काय करते?" आईने जरा डोकं खाजवलं. "ही पण त्यातलंच काहीतरी. गेमच्या शेवटी एक मोठा राक्षस येतो ना, मारता मारता नाकी नऊ येतात, तो ही करते."

काकू माझ्याकडे बघून हसल्या. "अगं बाई! राक्षस?"

त्यातलंच काहीतरी! धाकटीच्या हातात पहिल्यांदा कंट्रोलर मी दिला. कुठलं बटण कशाला, हे तिचं बोट धरून मी शिकवलं. ते नाही सांगितलं काकूंना.

६ जून

आमच्या ऑफिसात दोन प्रकारचे बॉस. गेमच्या शेवटी येतो त्याला बॉसच म्हणतात, तो मी बनवते. दुसरा काचेच्या केबिनमध्ये बसतो, तो मला बनवतो. घोळ नको म्हणून त्याला आम्ही साहेब म्हणतो.

आज साहेबांनी माझा नवा बॉस बघितला, नावाडीण. म्हातारी, उंच, हातात वल्हं, पायाखाली घोटाभर पाणी. वल्हं फिरवण्याआधी खांदा किंचित खाली जातो, तोच खेळणाऱ्याला इशारा. त्या खांद्यावर मी आणि लांबूने (आमचा ॲनिमेटर, दारातून वाकून येतो) जीव ओतलाय. साहेब बघून म्हणाले, "छान आहे." म्हणजे छान नाहीये. मग म्हणाले, "तुझ्या बहिणीला दाखव ना. तिने एक शब्द टाकला तर आपलं काम होईल."

लांबू खाली मान घालून स्क्रीनकडे बघत बसला. भला माणूस.

७ जून

नाही दाखवणार.

११ जून

आज कहर झाला.

धाकटीचा नवा व्हिडिओ. विषय — चांगला बॉस कसा ओळखावा! समोर छान दिवा, मागे निळी भिंत, केस मोकळे. आणि म्हणते, "हरल्यावर खेळणाऱ्याला राग बॉसचा नाही, स्वतःचा आला पाहिजे. चूक माझी होती, असं वाटलं तरच माणूस पुन्हा खेळतो."

हे माझं वाक्य आहे!! गच्चीवर कपडे वाळत घालताना मी तिला सांगितलं होतं. हातात चिमटे होते माझ्या. तिने तेव्हा जांभई दिली होती.

खाली कमेंटवाले नाचतायत. "काय बोललात!" "हे डिझाइनर लोकांना कोण सांगणार?" — डिझाइनर लोकांना!

आईने मला दाखवायला तो व्हिडिओ पुन्हा लावला. मी म्हटलं, बघितलाय. आई म्हणाली, "मग चेहरा का असा? तुझीच बहीण आहे ना?"

माझीच आहे. तेच तर दुखणं आहे. परकी असती तर चॅनल बंद करून झोपले असते.

१२ जून

तिचे जुने व्हिडिओ बघत होते. कशाला, विचारू नये. एक गोष्ट दिसली, जी मला तशीही ठाऊक होती. अचानक काही अंगावर आलं की धाकटी डावीकडे पळते. दर वेळी. पकडापकडी खेळताना डावीकडे, बॅडमिंटनमध्ये डावीकडे, रस्ता ओलांडताना गाडी आली तरी डावीकडेच. लाखो लोक बघतात तिला, कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी बघत आलेय ना जन्मभर.

ऑफिसात गेल्यावर नावाडिणीला एक नवा फटका दिला. पहिल्या वाराला जो डावीकडे उडी मारेल, त्याच्यावर वल्हं उलटं फिरून येतं. खांदा हलत नाही. इशारा नाही.

उजवीकडे गेलं तर काही नाही. निभावतं.

१५ जून

आमची टेस्टर फणकारली. दिवसभर हरायचा पगार घेते, पण अन्याय खपवून घेत नाही. "मॅडम, डावीकडच्या फटक्याला इशारा नाही. हे तुमच्याच नियमात बसत नाही."

मी म्हटलं, "शिकतील लोक. उजवीकडे जातील."

"पण का जावं? कशावरून कळणार?"

"मार खाऊन."

 ती कंट्रोलर ठेवून पाणी प्यायला गेली. कधी नाही ते तिच्यासमोर माझा आवाज चढला होता, आणि कारण सांगण्यासारखं नव्हतं.

साहेबांना मात्र फटका फार आवडला! "आता हिला दात आले," म्हणाले.

२ जुलै

गेम बाजारात आला. धाकटीचा फोन. "ताई, शनिवारी लाइव्ह खेळणार आहे तुझा गेम. सगळ्यांसमोर. चालेल ना?"

मी म्हटलं, "मी कोण हो-नाही म्हणणारी?"

"अगं, असं काय करतेस! तुझा पहिला मोठा गेम आहे. घरी थोडा खेळून बघते आधी, म्हणजे अगदीच फजिती नको."

मनात म्हटलं, बघ बाई. बघ.

६ जुलै, शनिवार

झालं!

आईने आणि मी शेजारी बसून बघितलं. सुरुवातीलाच तिने सांगून टाकलं, "हा गेम माझ्या सख्ख्या ताईच्या टीमने केलाय. म्हणून मी याचं परीक्षण करणार नाही, गुण देणार नाही. फक्त खेळणार. तुम्ही बघा आणि तुमचं तुम्ही ठरवा." आईला भरून आलं. 

वाटेतलं सगळं तिने लीलया पार केलं. मग पाणी आलं. धुकं. नावाडीण उभी राहिली. खांदा खाली, पहिला वार, धाकटी डावीकडे. वल्हं उलटं. मेली.

पुन्हा. डावीकडे. मेली.

पुन्हा. डावीकडे! हसू दाबायला मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. किती वेळा? मोजणं सोडून दिलं. एकदा तर नुसती चालत डावीकडे गेली, जणू कुणी बोलावलंय. शेवटी कंट्रोलर मांडीवर ठेवून कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "हरले. ही बाई माझ्या आवाक्यातली नाही. जिने ही बनवली, तिला दोन्ही हात जोडून नमस्कार."

आई म्हणाली, "अगं, तिला एकदा तरी जिंकू द्यायचंस!"

जेवताना मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. कधी नव्हे ते चवीने जेवले.

८ जुलै

गेम तुफान खपतोय. नावाडिणीचं नाव जिकडेतिकडे. "चॅनलवालीला जिने पाडलं, तिला पाडून दाखवा" म्हणून पैजा लागतायत. ऑफिसात केक कापला. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हिची बहीण हरली म्हणून आपण जिंकलो!"

सगळे हसले. मीही. टेस्टर सोडून.

९ जुलै

कमेंट वाचल्या. नको होत्या वाचायला.

गेम खेळणाऱ्यांची जात मला माहीत आहे. मीच त्यातली. अवघड बॉस पाडला की माणसाला वाटतं, आता हा डोंगर माझ्या बापाचा, दुसऱ्याने चढू नये. तेवढं ठीक. पण हे तसं नाही. "खेळता येत नाही आणि आम्हाला शिकवते." "बाईमाणसाने भातुकली खेळावी." "चेहऱ्यावर चाललंय हिचं दुकान." त्याच्या पुढचं इथे लिहवत नाही.

हेच ते, जे गेल्या महिन्यात "काय बोललात!" म्हणत होते.

११ जुलै

आई चष्मा लावून मोबाईल घेऊन आली. एका शब्दावर बोट ठेवलं. "याचा अर्थ काय गं? धाकटीला म्हणतायत."

मी वाचलं. म्हटलं, "काही नाही. गेममधला शब्द आहे."

"चांगला की वाईट?"

"...चांगला."

आई समाधानाने परत गेली, आणि स्वयंपाकघरातून तिने काकूंना ओरडून सांगितलं नाही म्हणजे मिळवली! मी पलंगावर बसून राहिले. मी खूश होते ना? मग हे काय?

१४ जुलै

धाकटी जिची जाहिरात करायची, त्या हेडफोनवाल्या कंपनीने तिचं काम काढून घेतलं. आईकडून कळलं. मला तिने सांगितलं नाही.

आज संध्याकाळी तिच्या घरी गेले. खरं सांगायलाच गेले होते. वाटेत वाक्यं जुळवली. "अगं, तो फटका मी..." — पुढचं वाक्य जिना चढेपर्यंत सापडलं नाही.

दिवा बंद होता, त्याच्याशिवाय ती निळी भिंत साधीच दिसते, कोपऱ्यात ओल आलीय. धाकटी केस बांधून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या नवऱ्याने चहा केला. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तो बसता बसता म्हणाला, "ताई, खरं तर ही तुमची नावाडीण —" आणि धाकटीने डोळे वटारले. तो बिस्किटं आणायला आत गेला. मला वाटलं, तोही चिडलाय माझ्यावर.

मी म्हटलं, "फार बोलतायत का गं लोक?"

"बोलू देत. महिनाभरात दुसरं कुणी सापडेल त्यांना." मग टॉवेल झटकत म्हणाली, "तुझं ऑफिसात कसं चाललंय? पगार वाढवला का साहेबांनी? नसेल तर माग. आत्ताच माग."

नाही सांगता आलं. निम्म्या घड्या मी घालून दिल्या आणि निघाले.

१७ जुलै

साहेबांना म्हटलं, डावीकडच्या फटक्याला इशारा देते. खांदा हलवते, अगदी नखभर.

"वेड लागलंय का? त्याच फटक्यावर आपण जेवतोय!"

म्हटलं, तो फटका खोटा आहे. हरणाऱ्याला वाटतं चूक आपली, आणि ती त्याची नसते.

"कुणाची असते मग?"

मी दार ओढून बाहेर आले.

२३ जुलै

घातला इशारा! लांबूने काही न विचारता खांदा करून दिला. टेस्टरने तो डावीकडून पार केला आणि माझ्यापुढे नुसती मान डोलावली. या आठवड्याच्या अपडेटमध्ये गेलासुद्धा. साहेबांना नंतर सांगितलं.

२५ जुलै

साहेब केबिनमध्ये बोलावून वाट्टेल ते बोलले. बाहेर गेमवाले माझ्या नावाने शंख करतायत. "नावाडीण मऊ केली!" "बहिणीसाठी केलं!" "बनवणाऱ्या बाईला हाकला!" आता माझी पाळी. साहेबांनी पुढच्या गेमचा बॉस दुसऱ्याला दिलाय. मला गेममधली दारं, जिने आणि पूल बघायला सांगितलेत.

वाईट वाटलं. पण खोटं कशाला लिहू, आतून बरंही वाटलं. छाती भरून आली. वाटलं, शेवटी मोठी ती मोठीच.

धाकटीला फोन केला. "आता खेळून बघ. जमेल तुला. मी सोपं केलंय."

तिने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "थँक यू, ताई."

आवाज जड होता. मला वाटलं, रडतेय. बरं वाटलं मला ते. किती वर्षांनी मी तिला काहीतरी दिलं!

२८ जुलै

तिने पुन्हा लाइव्ह केलं आणि नावाडीण पाडली. आई टाळ्या पिटत होती. मीही पिटल्या. मनापासून!

२ ऑगस्ट

धाकटीचा नवरा आईचा मोबाईल दुरुस्त करून द्यायला आला होता. जिन्यापर्यंत सोडायला गेले तर म्हणाला, "ताई, तुम्ही उगाच नोकरीत वाईटपणा घेतलात. तिने ती बाई पहिल्या लाइव्हच्या आदल्या दिवशीच पाडली होती. घरी, माझ्यासमोर. दोनदा डावीकडे मार खाल्ला आणि हसत सुटली. म्हणाली, हे ताईने माझ्यासाठी केलंय! मग उजवीकडून गेली आणि लोळवली. रेकॉर्डिंग आहे. शिव्या सुरू झाल्यावर म्हटलं, टाक ते, तोंडं बंद होतील. तर म्हणे, ताईचं नाव होतंय, होऊ दे. — मी सांगितलं म्हणून सांगू नका हं."

इतकी वर्षं तिच्या जिंकण्यावर जळत होते. आज तिच्या हरण्यावर जळतेय.