थडग्याच्या पाटीची हकीकत

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा रक्तदाब? माझी चौकशी तू करणार नाहीस, म्हणून मीच सांगतो: झोप उडाली आहे, भूक मात्र शाबूत आहे.

टेकडीवरचं दगडी थडगं तुला आठवत असेलच. (त्यात लपून तू मला दुपारभर रडवलं होतंस.) तीन उभ्या शिळा, वर छपरासारखी एक आडवी. अडीच-तीन हजार वर्षं ते ऊन, वारा, गुरं आणि आपण दोघं सोसत उभं होतं. मग सरकारला त्याचा कळवळा आला. थडगं ‘संरक्षित’ झालं आणि पाटी रंगवायचं काम माझ्याकडे आलं. दाराएवढा पत्रा, ताई! मजकूर तीनदा बदलला. ‘थडगे’ हा शब्द उद्घाटनाला बरा दिसत नाही म्हणून खात्याच्या साहेबांनी ‘स्मृतिस्थळ’ करायला लावलं, आणि वरून खरमरीत पत्र आल्यावर पुन्हा ‘थडगे’. (आत झोपलेल्याला कुणी विचारलं नाही.)

पाटीला खांब हवेत, खांबांना खड्डे. गवंड्याने उभ्या शिळेच्या पायथ्याशी दोन-चार वेळा पहार मारली आणि थांबला. म्हणाला, “साहेब, इथली माती भुसभुशीत आहे. शिळा हलेल.”

“तू गवंडी आहेस की ज्योतिषी? खण!”

त्याने खणलं. उभी शिळा कलली आणि वरची, एखादा थकलेला म्हातारा खाली बसावा तशी सावकाश बसली. मग मधोमध दुभंगली. शेजारी टेकवलेल्या माझ्या पाटीवर ओल्या रंगात लिहिलं होतं, ‘हात लावू नये’. गवंड्याने पहार खाली ठेवली. साहेबांनी आधी घड्याळ पाहिलं, मग आमच्याकडे. संध्याकाळपर्यंत अहवाल तयार: गवंड्याचा निष्काळजीपणा. मला कुणी काही विचारलं नाही. मीही काही बोललो नाही.

घरच्यांना आशीर्वाद आणि नमस्कार, ज्याला जे लागू असेल ते.

तुझा धाकटा

ता. क. या प्रकरणाची सरकारी चौकशी भावोजींकडेच आली आहे. गवंडी अठरा दिवस घरी बसून आहे, त्याला कुणी कामावर घेत नाही. तो नको म्हणत होता, एवढं त्यांच्या कानावर घाल. हे पत्रच दाखव.

ता. क. २. नकाशात खड्ड्यांची खूण वीस पावलं लांब होती. उद्घाटनाच्या फोटोत थडग्याबरोबर माझी अक्षरंही यावीत म्हणून ‘जवळ घ्या’ असं मीच साहेबांच्या गळी उतरवलं. ही ता. क. मुद्दाम कागदाच्या तळाशी लिहिली आहे. कात्रीने कापून मगच पत्र भावोजींना दे.